अंधारातली धूपछाव

खवला कपाळावरच्या टिकलीएवढा. समोरून पाहिला तर गुलाबी, जरा कलता धरला तर त्यावरून निळी झाक सरकून जाते. पण नजर अडकते ती रंगावर नाही, कडेवर. तिथे एक अर्धगोल खाच आहे. कात्रीने कापावी तशी ती सरळ नाही, आणि कुजून विरल्यासारखी झिरझिरीतही नाही. भाकरीला एकच घास मारून ती ताटात परत ठेवावी, तशी ही कड आहे. शेजारच्या खवल्यालाही अशीच खाच, आणि त्याच्या पलीकडच्याला दोन.

हा खवला ज्याच्या पाठीवरचा आहे तो किडा मेक्सिकोजवळ, कॅलिफोर्नियाच्या आखातात, सुमारे ३,७०० मीटर खोलीवर राहतो. त्याचं शास्त्रीय नाव पेनालिओपॉलिनोई ऑर्फनी. त्याला डोळे नाहीत. त्याच्या जातभाईंनाही नाहीत. म्हणजे हा झगमगाट ना तो स्वतः पाहू शकतो, ना त्याचा सोबती. सूर्याचा प्रकाश समुद्रात फार तर हजारेक मीटरपर्यंत झिरपतो, त्याखाली उरतो तो काळोखच. खोल समुद्रातल्या जीवांबद्दल लिहिताना राक्षसी, विचित्र, भयंकर असले शब्द सहज वापरले जातात. हा किडा त्या शब्दांत बसत नाही. तो सुंदर आहे आणि हातात धरलं तर कळतं की फार नाजूकही आहे.

शाळेच्या पुस्तकात वलयांकित प्राण्यांचा धडा असतो: गांडूळ, जळू, नेरीस. नेरीसला अंगाच्या दोन्ही बाजूंना परापाद, म्हणजे पायांसारखे मांसल भाग, असतात आणि त्यांवर दृढरोमांचे, म्हणजे ताठ केसांचे, झुबके. आपला किडा नेरीसच्याच बाजूचा, म्हणजे पॉलिकीट. त्याच्या कुळाचं नाव पॉलिनोइडी. या कुळाची खूण म्हणजे पाठीवरचे खवले, म्हणून इंग्रजीत त्यांना स्केल वर्म म्हणतात. आपण खवलेकिडा म्हणू. मात्र खवला म्हटल्यावर बांगड्याचा किंवा रावसाचा खवला डोळ्यांसमोर आणू नका. माशाचा खवला कातडीत रुतलेला असतो. खवलेकिड्याचा खवला एका आखूड देठावर बसवलेला असतो, कमळाचं पान देठावर बसतं तसा. देठातून त्याला नसा पोचतात, आणि देठापाशीच तो तुटतोही. हे तुटणं पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

खवले प्रत्येक वलयावर नसतात. पेनालिओपॉलिनोई वंशाच्या किड्याला वलयं २१ आणि खवल्यांच्या जोड्या ९. पहिली जोडी दुसऱ्या वलयावर, मग चौथ्या, पाचव्या, सातव्या आणि तिथून पुढे एकाआड एक करत सतराव्यापर्यंत. मधल्या, खवला नसलेल्या वलयांवर त्या जागी दोऱ्यासारखी एक लांब संवेदी मिशी असते. डोळे नसलेल्या प्राण्याला आजूबाजूचं जे काही कळतं ते बरंचसं अशा मिश्यांमधून आणि डोक्याशी असलेल्या स्पर्शकांमधून. सगळी लांबी बोटाच्या एक-दोन पेरांएवढी.

हे खवले एकमेकांवर कौलांसारखे चढलेले असतात आणि कौलांखाली जशी हवा खेळती राहते तसं यांच्या खाली पाणी खेळतं राहतं. पाठीच्या त्वचेवरचे सूक्ष्म केस हलत राहून हा प्रवाह चालू ठेवतात. किनाऱ्यालगतच्या खवलेकिड्यांचं श्वसन एवढ्यावर भागतं, त्यांना वेगळे कल्ले लागत नाहीत. खोल समुद्रातल्या पाच वंशांनी मात्र पाठीवर फांद्या फुटलेले कल्ले उगवले आहेत: ब्रँकिपॉलिनोई, ब्रँकिनोटोग्लुमा, ब्रँकिप्लिकेटस, थर्मोपॉलिनोई आणि आपला पेनालिओपॉलिनोई. पाचही वंश राहतात ते जिथे अन्न सूर्यापासून नव्हे, तर गंधकाच्या आणि मिथेनच्या रसायनांतून तयार होतं अशा ठिकाणी. तिथे हायड्रोजन सल्फाइड असतो, जो पेशींचं श्वसन गुदमरवतो, आणि ऑक्सिजनही बेताचाच. कल्ल्यांमुळे पाण्याला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. शिंपल्यांच्या आत घर करून राहणारा ब्रँकिपॉलिनोई तर आणखी पुढे गेलाय. त्याच्या अंगातल्या द्रवात हिमोग्लोबिन आहे आणि त्यामुळे तो लालसर दिसतो. उथळ पाण्यातल्या भावंडांच्या अंगद्रवात ते नसतं.

ऑर्फनी सापडला ते ठिकाण म्हणजे पेस्काडेरो खोरं. कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या दक्षिणेकडच्या तोंडाशी, जिथे समुद्रतळ ताणला जाऊन फाटत आहे. २०१५ साली माँटरे बे ॲक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूटच्या स्वयंचलित यानाने तळालगत पोहत त्या भागाचा बारकाईने नकाशा काढला. नकाशावर काही उंचवटे असे दिसले की ते नुसते खडक वाटेनात. मग कॅमेरे आणि यांत्रिक हात असलेलं दूरनियंत्रित यान खाली सोडलं आणि दिसल्या त्या उष्ण झऱ्यांच्या चिमण्या. नेहमीच्या काळ्या, धातूंच्या सल्फाइडच्या नाहीत, फिकट, कॅल्साइटच्या. त्यांतून येणारं पाणी नितळ आणि २९० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेलं. स्वयंपाकघरात १०० अंशांना उकळणारं पाणी इथे २९० लाही उकळत नाही, कारण वर पावणेचार किलोमीटर समुद्राचा भार आहे, आपल्या हवेच्या दाबाच्या सुमारे ३७० पट. चिमण्यांना ठिकठिकाणी सज्जासारखे कंगोरे फुटलेले आहेत. त्यांच्या खालच्या बाजूला गरम पाणी अडकून राहतं आणि गार पाण्याशी त्याची जी सीमा बनते ती आरशासारखी चकाकते. उलटा टांगलेला तलावच जणू. त्याच परिसरात, कढत पाण्यापासून थोडं अंतर राखून, खवलेकिडे हिंडत असतात.

आता रंगाबद्दल. पैठणीत धूपछाव रंग कसा येतो ते आपल्याला माहीत आहे: उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, आणि पदर हलला की कधी हा वर दिसतो, कधी तो. तिथे दोन्ही धागे खरोखर रंगवलेले असतात. या खवल्यात मात्र कोणी रंगच घातलेला नाही. पावसाळ्यात रस्त्यावर पेट्रोलचा थेंब पडून जो रंगीत तवंग पसरतो त्याच्याशी याचं नातं जास्त जवळचं. पेट्रोलही बिनरंगी आणि पाणीही. पण तवंगाच्या वरच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश आणि खालच्यावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतात. काही रंग त्यात जोर धरतात, काही मावळतात. कोणता टिकणार हे थराच्या जाडीवर आणि बघण्याच्या कोनावर ठरतं. खवल्याचंही तसंच. खवल्याची जाडी बदलली की रंग बदलतो, आणि किडा वाढतो तसा खवला जाड होत जातो. म्हणून एकाच जातीत निळे आणि गुलाबी असे दोन्ही दिसतात.

इथे मोठा चकवा आहे. निळा किडा आणि गुलाबी किडा शेजारी शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या जाती समजण्याचा मोह कोणालाही होईल. पक्ष्यांच्या आणि फुलपाखरांच्या बाबतीत रंगावरून ओळखायची आपल्याला सवय असते. पण ज्या वंशात कोणी कोणाला पाहतच नाही, तिथे रंगाची खूण कशासाठी जपली जाईल? तो थराच्या जाडीचा उपपरिणाम आहे. जात ठरवायला दुसरं काही बघावं लागतं आणि त्यासाठी किडा धड अवस्थेत वर यावा लागतो.

हे धड वर येणं सर्वांत अवघड. खवलेकिड्याला धक्का बसला की तो खवले टाकतो. उथळ पाण्यातला हार्मोथोई हे काम फार हुशारीने करतो: त्याचे खवले प्रकाशतात, आणि मासा अंगावर आला की तो एखादा लुकलुकणारा खवला मागे सोडून सटकतो. मासा खवल्यामागे जातो. ही त्याची संरक्षणाची रीत, पण नमुना गोळा करणाऱ्यासाठी तीच आफत. बरणीच्या तळाशी सात-आठ सुटे खवले आणि वर एक नागडा किडा, असं झालं की कोणता खवला कितव्या वलयावरचा ते सांगता येत नाही. त्यात एकाच बरणीत तीन किडे घातले असतील तर कोणता खवला कोणाचा हेही गेलं.

म्हणून क्रम पाळावा लागतो. यानाच्या यांत्रिक हाताने किडा चिमटीत धरायचा नाही. शोषनळीने अलगद ओढून घ्यायचा. ओढ जास्त झाली तर नळीतच खवले गळतात, कमी झाली तर किडा फटीत शिरतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला वेगवेगळे डबे असतात, प्रत्येक जागेचा नमुना वेगळ्या डब्यात. डब्याचं झाकण घट्ट बसायला हवं, कारण तळाचं पाणी दोन-तीन अंशांचं आणि वरचं उबदार. वर येताना गरम पाणी आत शिरलं तर किडा मरून मऊ पडलेला मिळतो. दाबापेक्षा ही ऊबच बहुतेक वेळा घात करते. या प्राण्यांच्या अंगात हवेची पिशवी नसते, त्यामुळे दाब उतरला तरी खोल पाण्यातल्या माशासारखे ते फुगून फुटत नाहीत.

जहाजावर आल्याबरोबर डबा थेट थंड खोलीत, ४ अंशांच्या आसपास. किडा काचेच्या वाडग्यात, गाळून गार केलेल्या समुद्राच्या पाण्यात. उचलायला चिमटा नको. प्लॅस्टिकचा चमचा किंवा रुंद तोंडाची नळी. मग त्याला गुंगी द्यायची ती मॅग्नेशियम क्लोराइडने: गोड्या पाण्यात साधारण साडेसात टक्क्यांचं द्रावण करून ते समुद्राच्या पाण्यात थोडं थोडं मिसळत जायचं. घाई करून एकदम ओतलं तर किडा आकसतो, वळतो आणि खवले टाकतो. मिश्यांना हलकेच स्पर्श करून काहीच हालचाल होईनाशी झाली की तो तयार.

फोटो आधी, बाकी सगळं नंतर. रंग हा प्रकाशाच्या कोनाचा खेळ असल्यामुळे समोरून फ्लॅश मारला तर खवले नुसते पांढरट दिसतात. दिवा कडेने, पार्श्वभूमी काळी. खवल्यांच्या जोड्या मोजून लिहून ठेवायच्या आणि गळालेल्या खवल्याची जागाही नोंदवायची. त्यानंतर शरीराचा छोटा तुकडा, एखादा परापाद, ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, तो डीएनएसाठी. उरलेला किडा १० टक्के फॉर्मलिनमध्ये साधारण एक दिवस, मग धुऊन आधी ५० आणि शेवटी ७० टक्के अल्कोहोलमध्ये. हे दोन भाग करणं टाळून चालत नाही. सगळा किडा फॉर्मलिनमध्ये टाकला तर डीएनएची साखळी जखडते आणि तुटते. सगळा तीव्र अल्कोहोलमध्ये टाकला तर अंग आक्रसून कडक होतं आणि पोटाखालचे बारीक उंचवटे ओळखू येत नाहीत. लेबल पेन्सिलीने लिहायचं, बाटलीच्या आत ठेवायचं. शाईचं लेबल अल्कोहोलमध्ये पुसट होतं, आणि जागेची नोंद नसलेला नमुना कितीही देखणा असला तरी निरुपयोगी.

ते पोटाखालचे उंचवटे इतके का जपायचे? कारण पेनालिओपॉलिनोई हा वंश ओळखण्याची शरीरावरची खूण तीच आहे: बाराव्या ते पंधराव्या वलयांवर, पोटाच्या बाजूला असलेले उंचवटे. लखलखते खवले नव्हेत. पाठीवर एवढी शोभा, आणि ओळख मात्र पोटाखाली, सूक्ष्मदर्शकाखाली उलटा केल्यावर दिसणारी.

२०२० साली ॲव्हरी हॅच, ग्रेग राउस, स्टेफान उर्देझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वंशाचा सविस्तर अभ्यास झू-कीज या नियतकालिकात छापला. तोवर या वंशात दोनच जाती होत्या. फ्रान्सच्या देब्रुयेर आणि लोबिए यांनी १९८८ मध्ये वर्णन केलेली अटलांटिकची सिलार्डी ही एक. १९९३ मध्ये मेरियन पेटिबोन यांनी नोंदवलेली पूर्व पॅसिफिकची सँटाकॅटालिना ही दुसरी. नव्या अभ्यासात सहा जनुकांची तुलना केली, तीन मायटोकाँड्रियाची आणि तीन पेशीकेंद्रकाची, आणि आणखी चार जाती वेगळ्या निघाल्या. ऑर्फनी हे नाव भूजीवशास्त्रज्ञ व्हिक्टोरिया ऑर्फन यांच्यावरून. माँटरेच्या सागरी घळीतल्या दोन जातींपैकी गॉफ्रेडिई हे नाव शाना गॉफ्रेडी यांच्यावरून, आणि एल्विसी हे एल्विस प्रेस्ली यांच्यावरून, कारण सोनेरी-गुलाबी टिकल्यांनी मढवलेले त्यांचे रंगमंचावरचे पोशाख या खवल्यांकडे बघून आठवतात. चौथी मिनिओई, कोस्टा रिकाच्या मिथेन झिरपणाऱ्या तळावरची.

याच अभ्यासात खवल्यांवरच्या खाचांचा उलगडा झाला. ऑर्फनीच्या खवल्यांच्या कडा अशा खाल्लेल्या का, हे बाटलीतला किडा कितीही निरखला तरी सांगता येण्यासारखं नव्हतं. वाटलं असतं की कोणी मासा किंवा खेकडा लचके तोडत असेल. उत्तर मिळालं ते समुद्रतळावरच्या चित्रफितीत. दोन किडे समोरासमोर येतात. उसळ्या मारतात, अंग झटकतात, आणि घसा बाहेर फेकून एकमेकांच्या पाठीला चावतात. घसा बाहेर फेकणं म्हणजे शब्दशः तसंच: या कुळाच्या घशाची स्नायूंची जाड नळी मोज्यासारखी उलटी होऊन तोंडाबाहेर येते, टोकाला बारीक उंचवट्यांचं कडं आणि आत जबड्यांच्या दोन जोड्या. त्या गोल तोंडाने खवल्याची कड धरली की जी खूण उरते ती अर्धगोलच उरणार. खवलेकिड्यांमध्ये अशी झुंज त्याआधी कोणी नोंदवलेली नव्हती.

मला यातलं सर्वांत मोलाचं हे वाटतं की पुरावा पहिल्यापासून समोर होता. ती खाच प्रत्येक तुटक्या खवल्यावर लिहिलेली होती. वाचता येत नव्हती एवढंच. अशा तुटक्या कडांचे नमुने खराब झालेले म्हणून बाजूला सारले जातात, आणि छापायला अखंड खवल्यांचा देखणा नमुना निवडला जातो. तसं झालं असतं तर या जातीच्या आयुष्यातली सगळ्यांत जिवंत गोष्ट बाजूला पडली असती. खवला ढालीचं काम करतो हेही याच खाचांमुळे दिसतं: घाव खवल्यावर पडलाय, खालच्या कल्ल्यांवर नाही.

आणि एवढं भांडण कशाचं? नेमकं कारण चित्रफितीवरून ठरवता येत नाही, पण वंशाच्या नावात भूक आहे. ग्रीक भाषेत पेइना म्हणजे भूक. पहिली जात सेंद्रिय अवशेषांवर गोळा झालेली सापडली, म्हणून हे भुकेले पॉलिनोई. या वंशाच्या जाती मेलेल्या देवमाशांवरही राहतात. १९८७ मध्ये सँटा कॅटालिना खोऱ्यात १,२४० मीटरवर अल्विन पाणबुडीतून क्रेग स्मिथ यांच्या चमूला देवमाशाचा सांगाडा दिसला, तेव्हापासून या जगाचा शोध सुरू झाला. देवमासा बुडाला की आधी शार्क आणि हॅगफिश मांस फस्त करतात. मग आजूबाजूच्या चिखलात मुरलेल्या चरबीवर किड्यांची झुंबड उडते. शेवटी हाडांमधलं तेल जीवाणू कुजवत राहतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो, वर्षानुवर्षं. म्हणजे उष्ण झऱ्यापाशी जी रसायनं मिळतात तीच थोडीफार थंडगार हाडांपाशी मिळतात, आणि म्हणून एकाच वंशाच्या जाती झऱ्यावर, मिथेनच्या झिरपावर आणि देवमाशाच्या सांगाड्यावर, तिन्हीकडे भेटतात. असं प्रत्येक ठिकाण म्हणजे वाळवंटातली विहीर. एक आटली तर पुढची किती कोसांवर असेल त्याचा नेम नाही.

हिंदी महासागराच्या तळाशीही असे उष्ण झरे आहेत. गोव्यातल्या ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या आणि चेन्नईच्या समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या एका झऱ्याची छायाचित्रं घेतली, सुमारे ४,५०० मीटरवर. नैर्ऋत्य हिंदी महासागराच्या रांगेवरून ब्रँकिपॉलिनोईची एक जात २०१७ मध्ये नोंदली गेली आहे. तिथून वर येणाऱ्या प्रत्येक बरणीत तळाशी पडलेले सुटे खवले गाळून फेकले जाऊ नयेत, एवढंच मनापासून वाटतं.

खवलेकिडा बघायला मात्र एवढं खोल जायची गरज नाही. याच कुळातला लेपिडोनोटस हा वंश भारताच्या किनाऱ्यांवर नोंदलेला आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती जशी मोठी तशी ओहोटीही लांबवर जाते. तेव्हा खडकाळ किनाऱ्यावर, पाण्याच्या अगदी शेवटच्या रेषेजवळ, पसरट दगड उचलून बघावा. ओल्या खालच्या बाजूला, दगडाच्याच करड्या-तपकिरी रंगाचा, बोटाच्या पेराएवढा एखादा चपटा किडा चिकटलेला असू शकतो. बोटाने टोकरू नये, खवले गळतील. भिंगातून मोजावं: लेपिडोनोटसच्या पाठीवर खवल्यांच्या १२ जोड्या असतात, ऑर्फनीपेक्षा तीन जास्त. याला डोळेही आहेत, डोक्यावर चार काळे ठिपके. कडा एकसंध आहेत की कुठे खाच आहे, तेही बघून घ्यावं. मग दगड होता तसाच, ओली बाजू खाली करून, सावकाश परत ठेवावा. उलटा राहिला तर उन्हात अर्ध्या तासात सगळं वाळून जातं.